सातवीतला मुलगा ‘परत येणार नाही’ म्हणतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर जुळे सोलापुरात, मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत. मुलांना आपल्या गावासाठी, आजूबाजूच्या माणसांसाठी काही करायची सवय लागावी म्हणून तुम्ही त्यांना एका रविवारी तलावाकाठच्या स्वच्छता मोहिमेला नेलं. मुलगी रमली. मुलगा म्हणतो, ‘तिथं कामच नव्हतं, नुसते फोटो काढले, मी परत येणार नाही.’ आता सक्ती करावी का, मोबाईलची वेळ वाढवून देण्याचं कबूल करावं का, आणि सोलापुरात या वयाच्या मुलांना न्यायचं तरी कुठं, असं तुम्ही विचारलं आहे.

मुलाचं म्हणणं आधी खरं धरून चला. अशा मोहिमांना पन्नास-साठ माणसं येतात, झाडू पंधरा-वीस असतात आणि हातमोजे मोठ्यांच्या मापाचे. बारा वर्षांच्या हातातून ते सारखे निसटतात. मूल वैतागून मोजे काढतं, की लगेच कुणीतरी ओरडतं, ‘मोज्याशिवाय कचऱ्याला हात लावू नको.’ पुढचा दीड तास त्यानं बॅनरपाशी उभं राहायचं. आठवड्यानं तिथून जाताना त्याला तीच पाकिटं आणि त्याच बाटल्या दिसतात. मी नसतो तरी चाललं असतं, हा त्यानं काढलेला अर्थ चुकीचा नाही. मोबाईल, आळस, हल्लीची मुलं ही कारणं नंतर बघू. मुलं या कामातून गळतात त्याचं मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच आहे, की त्यांना दिलेलं काम खरं नसतं.

म्हणून ‘गोडी कशी लावायची’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याच्यावाचून अडेल असं काम कोणतं ते शोधा. काम निवडताना मी तीन गोष्टी बघते. त्या कामाची कुणीतरी वाट बघत असलं पाहिजे, मग ते माणूस असो, झाड असो की पक्षी. केलेल्याचा परिणाम मुलाला त्याच दिवशी किंवा फार तर महिन्याभरात डोळ्यांनी दिसला पाहिजे. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ते काम मुलाला स्वतःच्या हातानं जमलं पाहिजे. यातली तिसरी गोष्ट पालक बहुतेक वेळा विसरतात. मोठ्यांच्या कामात लहानांना ‘मदतीला’ घेतलं की मुलाच्या वाट्याला फक्त आणून देणं आणि उभं राहणं येतं.

वेळेचा अंदाज असा ठेवा: आठ वर्षांपर्यंत वीस ते तीस मिनिटं आणि सोबत घरचं माणूस, नऊ ते अकरा वर्षांना पाऊण तास, बारा ते चौदा वर्षांना जास्तीत जास्त दीड तास. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. महिन्यातून एकदा चार तास यापेक्षा हे कितीतरी चांगलं टिकतं, कारण महिन्यानं मूल सगळं विसरून येतं आणि दर वेळी नव्यानं सुरुवात होते. तुमची मुलं वेगळ्या वयांची आहेत, म्हणून दोघांना एकाच कामाला जुंपू नका. धाकटी रमते आणि मोठा चिडतो यात नवल काहीच नाही. तिच्या मापाचं काम त्याला पोरकट वाटतं.

सातवीतल्या मुलासाठी सोलापुरात मी सगळ्यात आधी झाडं सुचवेन. नवी लावायची नाहीत, आधीच लावलेली जगवायची. हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. पावसाळ्यात उत्साहानं लावलेली रोपं मार्च ते जून या काळात मरतात आणि नेमकी तेव्हाच तिथं कुणी फिरकत नाही. घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत असलेली, कुणीतरी लावून विसरलेली कडुलिंबाची किंवा करंजाची पाच रोपं निवडा. पाचांहून जास्त नकोत. जागा सोसायटीची, शाळेची किंवा महापालिकेच्या बागेची असेल तर आधी परवानगी घ्या आणि ती मुलालाच मागू द्या. दोन ओळींचा अर्ज त्यानं लिहावा, तुम्ही फक्त शेजारी उभं राहावं.

आता पाणी घालणं. यात वाटतं त्यापेक्षा जास्त समजून घ्यायचं आहे, आणि या वयाच्या मुलाला ते आवडतंही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. वरून बादली ओतली की पाणी भेगेतून सरळ खाली जातं, मुळांभोवतीची माती कोरडीच राहते आणि आपल्याला वाटतं भरपूर पाणी घातलं. म्हणून आधी खुरप्यानं वरचा दोन-तीन इंचांचा थर मोकळा करून भेगा बुजवायच्या. रोपाभोवती हात-दीड हात रुंदीचं आळं करायचं. त्यावर वाळलेला पाला किंवा उसाचं पाचट तीन-चार इंच पसरायचं, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर खोडाला ओल धरून साल कुजते. मग पाणी हळूहळू, दोन टप्प्यांत घालायचं: अर्धं ओतायचं, पुढच्या रोपाकडे जायचं आणि परत येऊन उरलेलं अर्धं. पहिल्या उन्हाळ्यात एका रोपाला आठवड्यातून दोनदा आठ-दहा लिटर पुरतं. दुसरी पाळी त्यानं मधल्या वारी सकाळी घालावी, नाहीतर शेजारच्या एखाद्या मित्राबरोबर वाटून घ्यावी.

बारा वर्षांच्या मुलानं एका वेळी चार लिटरपेक्षा जास्त उचलू नये. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं, हा साधा हिशोब धरा. शीतपेयाच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या सगळ्यात सोयीच्या. सायकल असेल तर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या बांधून चार बाटल्या सहज जातात. हँडलला मात्र अडकवू नयेत, वळताना तोल जातो. पाणी कुठलं? नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पिण्याचं पाणी झाडाला घालायला मूलही कचरतं, आणि ते बरोबर आहे. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेलं पाणी रोज एका बादलीत वेगळं काढायचं आणि ते या पाच रोपांपैकी एखाद्याला द्यायचं. ठेवून ठेवलं तर ते आंबतं आणि डास होतात, म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपवायचं. यामुळे काम रविवारपुरतं राहत नाही, घरात रोज त्याची आठवण राहते. शेळ्यांपासून राखायला बाभळीच्या काटेरी फांद्या लावायच्या असतील तर तेवढं मोठ्यांनी करावं.

पाचांपैकी एखादं रोप मरेलच. ते झाकू नका. तुम्ही गुपचूप नवीन रोप आणून लावलंत तर पुढच्या वेळी काम खोटं वाटायला लागेल. माती उकरून बघू द्या: मुळाजवळ कोरडी ठणठणीत आहे, की चिखल होऊन कुजली आहे, की वाळवी लागली आहे.

दुसरं काम वाचनाचं. पूर्व भागात, यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्त्यांमध्ये पुष्कळ मुलांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड असते आणि शाळा मराठी. पहिली-दुसरीतल्या अशा दोन मुलांना एका सातवीतल्या मुलानं आठवड्यातून पंचवीस मिनिटं पुस्तक वाचून दाखवणं, त्यांच्याकडून वाचून घेणं हे मोलाचं काम आहे, आणि दोन मुलांना एक हेच प्रमाण ठेवा. पाच मुलं दिलीत तर तो मास्तर होतो आणि दटावायला लागतो. हे काम त्या मुलांच्या शाळेच्या, बालवाचनालयाच्या किंवा तिथं आधीपासून काम करणाऱ्या संस्थेच्या परवानगीनं, त्यांच्याच जागेत करायचं. पुस्तक पानाला एक-दोन ओळी असलेलं, चित्रांचं. आधी चित्रं बघून मुलांनी घरच्या भाषेत गोष्ट सांगायची, मग मराठी वाचायचं. अडलं की मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मगच सांगायचं. मोठी मुलं इथं हमखास घाई करतात, शब्द पटकन सांगून टाकतात आणि लहान मूल त्यांच्या तोंडाकडे बघून वाचायला शिकतं. तेच पुस्तक दोन आठवडे चालवा. दुसऱ्या आठवड्यात लहानगा न अडता एक पान वाचतो तेव्हा वाचून घेणाऱ्याला जे कळतं ते तुमच्या सांगण्यातून कळणार नाही.

इथं एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. ‘बघ, किती हलाखीत राहतात ती मुलं, तू किती नशीबवान’ हे वाक्य जाता-येता उच्चारू नका. त्यातून कणव येते, पण बरोबरीनं वागणं येत नाही आणि कणव दोन-चार रविवारांत ओसरते. तुमच्या मुलानं त्या मुलांकडून तेलुगूत दहापर्यंत आकडे शिकावेत, त्यांच्या गल्लीतला खेळ शिकावा. आणि वस्तीतली सातवी-आठवीतली मुलं याच कामात वाचून दाखवणारी म्हणून असावीत. देणारे एका भागातले आणि घेणारे दुसऱ्या भागातले अशी वाटणी झाली की काम दिसायला चांगलं राहतं, पण मुलांच्या मनात नको ते रुजतं.

तिसरीतल्या मुलीसाठी पक्ष्यांचं पाणी पुरेसं आहे. उथळ मातीचं भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक दगड, म्हणजे लहान पक्ष्याला टेकायला जागा होते. सावलीत ठेवायचं, मांजराला दबा धरता येईल अशा झुडपाजवळ नको. दर दुसऱ्या दिवशी पाणी फेकून भांडं नारळाच्या काथ्यानं घासायचं, साबण नको. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडाभर पुरतो. पाणी तसंच राहिलं तर आपणच गल्लीत डास वाढवतो, हे तिला दाखवून सांगा. एक भांडं घरी, दुसरं शेजारच्या एखाद्या आजींच्या ओट्यावर. ओट्यावरच्या भांड्याची जबाबदारी तिची. म्हणजे ती नाही गेली तर आजी विचारतात, ‘काल आली नाहीस गं?’ हे विचारणारं माणूस असणं हीच या कामाची अर्धी ताकद आहे.

सणावारांची कामं जोडीला घ्या, मुख्य म्हणून नको. गणपतीत घराघरांतलं निर्माल्य गोळा करून सोसायटीत खत करणं मुलांना छान जमतं. हारांतले दोरे, जरी, कापराच्या पुड्या, अगरबत्तीचे पुडे वेगळे काढायचे. मग एक थर निर्माल्याचा, त्यावर दुप्पट वाळला पाला, वर मूठभर माती. वास आला तर ओल जास्त झाली, वाळला पाला वाढवा. मुंग्या लागल्या तर फार कोरडं आहे, पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं, ते त्याच पाच झाडांना जातं. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी शहरातून जाते, तेव्हा वारकऱ्यांना पाणी द्यायला मुलं हवीच असतात. पाण्याचा जग अर्धाच भरा, पूर्ण भरलेला मुलांच्या हातून सांडतो. कागदी-प्लास्टिकचे पेले टाळून स्टीलचे घ्या आणि विसळण्याचं काम मुलांकडेच द्या, नाहीतर पाणी पाजून झाल्यावर रस्त्यावरचा कचरा दुसऱ्याच कुणालातरी उचलावा लागतो. संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या मिरवणुकीला मात्र चौदाच्या आतल्या मुलांना स्वयंसेवक म्हणून गर्दीत उभं करू नये. मुलं चेंगरतात, हरवतात, आणि मोठ्या स्वयंसेवकांचा वेळ त्यांनाच शोधण्यात जातो.

वृद्धाश्रमाबद्दल थोडं सावध. बिस्किटं वाटून, दोन गाणी म्हणून निघून येणाऱ्या भेटी मी मुलांना देत नाही. न्यायचंच असेल तर एका मुलाला एकच आजी किंवा आजोबा, दर आठवड्याला, आणि मुदत आधीच सांगितलेली: ‘मी दिवाळीपर्यंत दर शनिवारी येणार.’ वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, सुईत दोरा ओवून द्यायचा, पत्र लिहून द्यायचं. अमुक तारखेनंतर येणार नाही हे माहीत असलं की कुणी दाराकडे डोळे लावून बसत नाही. इस्पितळाच्या वॉर्डात या वयाची मुलं अजिबात नकोत, संसर्गाचा धोका दोन्ही बाजूंना असतो. आणि कुणाचेही बँकेचे मेसेज, ओटीपी, पासबुक, पैसे यांना मुलांनी हात लावायचा नाही, समोरच्यानं प्रेमानं सांगितलं तरी.

सक्तीचं विचारलंत. माझं मत असं, की पहिल्या चार खेपा ठरवून टाका. शाळेला जातो तसं जायचं, त्यावर रोज वाद नको. काम कोणतं हे मात्र त्याला निवडू द्या, झाडं की वाचन. चार खेपांनंतर सोडायचं असेल तर सोडू द्या, फक्त ज्यांच्याकडे जात होता त्यांना त्यानं स्वतः जाऊन सांगायचं. तुम्ही फोन करायचा नाही. पुष्कळ मुलं सांगायला म्हणून जातात आणि थांबतात. जी सोडतात त्यांना सुखानं सोडू द्या, सहा महिन्यांनी वेगळं काम दाखवा. मूल फार बुजरं असेल, नुकतंच आजारातून उठलं असेल किंवा घरात काही ताण असेल तर चार खेपांचा आग्रहही धरू नका. हे तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

मोबाईलचं आमिष नको. एका खेपेला अर्धा तास मोबाईल असा सौदा झाला की काम ही किंमत होते, आणि मूल तो अर्धा तास दुसरीकडून मिळवायला शिकलं की काम संपतं. बक्षीस म्हणून जबाबदारी वाढवा: महिन्यानं खुरपं त्याचं स्वतःचं, दोन महिन्यांनी नव्या मुलाला शिकवण्याचं काम त्याच्याकडे. पहिला महिना फोटो काढू नका, आणि ज्यांच्यासाठी काम करतोय त्यांच्या चेहऱ्याचे फोटो तर कधीच नको. शाळेला प्रकल्पासाठी फोटो हवे असतील तर हातांचे, मातीचे, झाडांचे द्या.

आपल्या भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारलेला हा सोलापूरचा डॉक्टर मुलांना खूप भावतो. जरूर दाखवा. पण घरी आल्यावर ‘बघ, ते कुठं आणि तू कुठं’ असं काही बोलू नका, मुलाला आपलं पाच झाडांचं काम एकदम क्षुल्लक वाटायला लागतं.

सुरक्षिततेत सूट नाही. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत काम सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढ्याच वेळात. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, तहान नसली तरी. डोकं दुखतंय, मळमळतंय, चिडचिड होतेय असं मूल म्हणालं की काम तिथंच थांबवून सावलीत न्यायचं, ओल्या कापडानं पुसायचं, जलसंजीवनी द्यायची: एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. मूल बरळायला लागलं किंवा गुंगीत गेलं तर तोंडानं काही न देता लगेच १०८. दगड, विटा, पाल्याचा जुना ढीग हातानं उचलायचा नाही, आधी काठीनं हलवायचा, खाली विंचू असतो. काच आणि सुया मुलांनी चिमट्यानंसुद्धा उचलायच्या नाहीत, मोठ्यांना हाक मारायची. दहाव्या वर्षाची टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस झाली आहे का ते आधी तपासा. आणि संस्था कितीही ओळखीची असो, दोन मोठी माणसं हजर असल्याशिवाय मूल एकटं सोडायचं नाही. कुणा एकाच माणसाबरोबर बंद खोलीत किंवा गाडीवर पाठवायचं नाही. ‘तिथं कुणाचं वागणं नको वाटलं तर आधी मला सांग, काम गेलं खड्ड्यात’ हे मुलाला शब्दांत सांगून ठेवा. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबरही त्याला पाठ असू द्या.

घरी आल्यावर ‘मजा आली का?’ विचारू नका. रोज मजा येत नाही आणि मग मुलाला खोटं बोलावं लागतं. ‘काय अर्धवट राहिलं?’ आणि ‘पुढच्या वेळी काय न्यायला हवं?’ हे दोनच प्रश्न पुरेत. त्यासाठी एक साधी शंभर पानी वही ठेवा. तारीख, काय केलं, काय राहिलं, एवढ्या तीन ओळी, त्याच्याच हातानं. शुद्धलेखन तपासू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आल्या की पालक काम पूर्ण बंद करतात आणि झाडं तेव्हाच वाळायला लागतात. बंद करू नका, निम्मं करा: पाचांपैकी दोन झाडं त्याची, उरलेली तीन तुमची, परीक्षा संपेपर्यंत. पुढे आठवी-नववीत क्लासमुळे खरंच सोडावं लागलं तर जागी येणाऱ्या मुलाला त्यानं दोन आठवडे सोबत घेऊन काम दाखवावं, कोणत्या रोपाजवळची माती जास्त भेगाळते तेही सांगावं आणि वही त्याच्याकडे द्यावी.